राबाचा टाहाळ व झाडाचें नत्र

पौष संपत आला. आणखी पंधरा-वीस दिवसांत आपल्या मावळांत कोयत्यांना धार लागेल, ऐन-किंजळांवर माणसें चढतील आणि बांधाबांधांवर टाहाळाचे भारे दिसूं लागतील. राबासाठीं टाहाळ तोडण्याची ही वहिवाट वाडवडिलांपासूनची आहे. तिच्यावर बोट ठेवणें म्हणजे घरच्या म्हाताऱ्यांचा रोष ओढवून घेणें होय, हें आम्ही जाणून आहों. तरी हंगामाच्या तोंडावर चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, हिरव्या पानांसकट जिवंत झाडाची फांदी तोडून ती दाढेच्या जागेवर जाळणें हा व्यवहार दोन्ही अंगांनीं आतबट्ट्याचा आहे. झाडानें कष्टानें जमविलेलें नत्र त्याच्या हातून जातें, आणि तें आपल्या भाताच्या पदरांतही पडत नाहीं.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली. शिक्षण म्हणाल तर मराठी शाळेचें. तेव्हां झाडाच्या अंतरंगांत काय चालतें याविषयीं बोलण्याचा यांचा अधिकार तो काय, असें कोणी विचारील. अधिकार नाहीं, हें खरें. परंतु आमचा पुतण्या शेतकीची पदवी घेऊन आला आहे. त्यानें गेल्या दोन पावसाळ्यांत ओटीवर बसून या विषयावरील इंग्रजी निबंध आम्हांस उलगडून सांगितले, आणि मागाहून कोश शेजारीं ठेवून आम्हीं ते पुन्हां वाचले. जमाखर्चाचे कागद तपासण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला त्यांत पुष्कळच ओळखीचें आढळलें.

आधीं घरचें सांगतों. नाणे मावळांत आमचें दीड एकराचें खाचर आहे व त्याला लागून थोडें वरकस आहे. त्या वरकसाच्या उतारावर ऐनाचीं दोन झाडें आहेत. वडील सांगत कीं, दोन्ही एकाच वयाचीं. त्यांतील एकाच्या बुंध्याशीं शेंदूर लावलेला म्हसोबाचा धोंडा असल्यामुळें त्याच्या फांदीला कोणी कोयता लावीत नाहीं. दुसऱ्याचा टाहाळ दरसाल उतरतो. आज पहिल्या झाडाचा बुंधा एका माणसाच्या कवेंत मावत नाहीं. दुसरें कमरेएवढ्या घेराच्या खोडावर गांठाळून, मुठी वळल्यासारखें उभें आहे. माती तीच, पाऊस तोच. लहानपणापासून आम्ही हा देवाचा प्रताप म्हणत आलों. देवाचा प्रताप असेलच. पण त्याचा मार्ग कोणता, हें कळण्यास आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली.

आतां जमिनीकडे पाहूं. वातावरणांत नत्र शेंकडा ७८ भाग आहे, पण तें झाडाच्या कामाचें नाहीं. झाडाला लागतें तें मातींत विरघळलेलें. आणि आपल्याकडे मातींत विरघळलेलें म्हणजे पाण्याबरोबर निघून जाणारें. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरच्या आसपास, कधीं त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तळेगांवाकडे तो तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. घाटमाथ्याच्या तांबड्या, उताराच्या वरकसांत आषाढ सरतां सरतां मोकळें नत्र फारसें उरत नाहीं; तें झिरपून ओढ्याला, ओढ्यांतून इंद्रायणीला किंवा पवनेला मिळतें. युरियाचें पोतें विसकटून दुसऱ्या दिवशीं आभाळ फाटलेलें ज्यानें पाहिलें आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको. अशा जमिनींत ऐन, हिरडा, जांभूळ शेंकडों वर्षें कोणी खत न घालतां उभीं आहेत, तीं कशीं, हा खरा प्रश्न आहे.

पहिलें उत्तर असें कीं, हीं झाडें मिळालेलें नत्र सहसा सोडीत नाहींत. पानगळ म्हणजे झाडाची उधळपट्टी, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. पान गळण्यापूर्वीं झाड त्यांतील हिरवें द्रव्य व प्रथिनें मोडतें, त्यांतील नत्र देठांतून मागें ओढून घेतें आणि सालींत, लाकडांत, मुळांत साठवून ठेवतें. पानांतील ढोबळ मानानें निम्में नत्र अशा रीतीनें परत येतें. पॉप्लरच्या झाडांत तर हिवाळ्यांत सालीमध्यें नत्र सांठविण्यासाठींच एक विशेष प्रथिन तयार होतें, आणि पालवी फुटतांना तें मोडून खर्चीं पडतें. पिवळें पान जमिनीवर येतें तेव्हां त्यांतील ऐवज अर्धाअधिक काढून घेतलेला असतो. आपला ऐन फाल्गुन-चैत्रांत निष्पर्ण होतो व आम्ही टाहाळ तोडतों तो माघांत. सावकार आपली ठेव काढण्यास पेढीकडे निघाला असतां त्याला वाटेंत गांठून लुबाडावें, तसा हा प्रकार आहे. दोन महिने थांबतों तर निम्मी ठेव घरीं पोहोंचली असती.

हा पानांतून नत्र मागें ओढण्याचा बेत कोण ठरवितो? येथें जनुकांची गोष्ट येते. जनुक म्हणजे काय, हें आमच्या धंद्याच्या भाषेंत सांगतों. तालुक्याच्या दप्तरखान्यांत सर्व गांवांचे कागद रुमालांत बांधून ठेविलेले असतात. सारे रुमाल कोणी एकदम सोडीत नाहीं. ज्या कामाचा कागद पाहिजे तेवढाच रुमाल सुटतो. झाडाच्या प्रत्येक पेशींत असाच दप्तरखाना आहे. पेशी मुळाची असो वा पानाची, दप्तर तेंच. कोठें कोणता रुमाल केव्हां सुटतो, एवढाच फरक. कांहीं जनुकें प्रत्यक्ष कामाचीं असतात, जसें कीं मुळाच्या सालींत नत्र आंत घेण्याचीं दारें बनविणारीं. दुसरीं कांहीं स्वतः हात हालवीत नाहींत. अमक्या जनुकाचा रुमाल सोडा, तमक्याचा बांधा, एवढा हुकूम काढतात. कचेरींत दोन्ही जातींचीं माणसें असतात, हें वाचकांस माहीत आहेच.

अशा हुकूम काढणाऱ्या जनुकांचें ‘नॅक’ नांवाचें एक मोठें कुळ वनस्पतींत सर्वत्र आढळतें. त्यांतील कांहींच्या हातीं पान केव्हां पिकवावयाचें व त्यांतील नत्र केव्हां हालवावयाचें हें काम असतें. गव्हाच्या रानटी भाऊबंदांत असें एक जनुक २००६ सालीं सांपडलें. तें नीट चालत असलें म्हणजे गव्हाचीं पानें लौकर पिकतात व त्यांतील नत्र दाण्यांत उतरून दाणा अधिक सकस होतो. शेतांतील गव्हाच्या बहुतेक जातींत तें बिघडलेलें किंवा हरवलेलें आहे. आपण पीक सुधारीत असतां जुन्या दप्तरांतील कोणता कागद गहाळ झाला, हें आपणांस पुष्कळदां कळत नाहीं, त्याचा हा दाखला होय.

दुसरें उत्तर मुळांचें आहे, आणि आम्हांस तें अधिक नवलाचें वाटलें. झाडांपैकीं सर्वांत आधीं ज्याचें संपूर्ण जनुकदप्तर वाचलें गेलें तें अमेरिकेंतील एका जातीचें पॉप्लर होय. २००६ सालीं तें काम प्रसिद्ध झालें व त्यांत सुमारें ४५ हजार जनुकें मोजलीं गेलीं. पॉप्लर म्हणजे आपल्या ओढ्याकांठच्या वाळुंजाच्या भावकींतलें झाड. पंजाब व उत्तर प्रदेशाकडे शेतकरी तें आगपेटीच्या व फळ्यांच्या लाकडासाठीं लावतात. पुढें २०१३ सालीं मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटींतील संशोधकांनीं पॉप्लरच्या रोपांचें नत्र तोडून पाहिलें. आपण म्हणूं, रोप खुरटेल व मुळेंही खुरटतील. झालें उलटें. मुळें जोरानें वाढूं लागलीं. मग त्यांनीं वेळ लावून मुळांतील जनुकें तपासलीं, तेव्हां नत्र तुटतांच हुकुमांची एक उतरंडच सुरू होते असें दिसून आलें. वरच्या जनुकानें मधल्यांस हालवावें, मधल्यांनीं खालच्यांस. जेथें पुष्कळ धागे येऊन मिळतात असें एक जनुक याच नॅक कुळांतलें निघालें. कलेक्टराच्या हुकुमावर प्रांत, प्रांताच्या हुकुमावर मामलेदार, त्याच्या खालीं सर्कल व तलाठी, अशी ती सारी व्यवस्था आहे. फरक एवढाच कीं झाडांत टपाल वेळेवर पोहोंचतें.

पुतण्यानें सांगितलेली आणखी एक गोष्ट येथेंच नमूद करतों. ती झाडाची नव्हे, मोहरीच्या कुळांतील एका बारीकशा तणाची आहे, पण गोष्टीचें मर्म तेंच. २०१४ सालीं जपानांतील नागोया विद्यापीठांत असें आढळलें कीं, या रोपाच्या मुळांचा एक भाग नत्रावांचून उपाशी राहिला म्हणजे त्या मुळांतून एक लहानसें प्रथिनद्रव्य वर पानांकडे जातें. तो उपाशी मुळांचा अर्जच म्हणावयाचा. पानें तो घेतात व दुसरें द्रव्य खालीं पाठवितात. आणि जीं मुळें नत्र असलेल्या मातींत आहेत त्यांना अधिक दारें उघडण्यास सांगतात. एका कोपऱ्याची तूट दुसऱ्या कोपऱ्यांतून भरून निघते. म्हणजे पान हें नुसतें अन्न शिजविण्याचें चुलवण नसून कचेरीही आहे.

हें कळल्यावर आमच्या दुसऱ्या ऐनाकडे पाहण्याची आमची दृष्टि बदलली. नत्र कमी आहे, मुळें लांबवा, असा हुकूम जमिनीकडून सुटतो. पण मुळें लांबवावयाचीं म्हणजे साखर पाहिजे, आणि साखर पानांत तयार होते. तीं पानें तर आम्हीं माघांत उतरविलीं. मुळांचे अर्ज ज्या कचेरींत जावयाचे ती कचेरीही आम्हींच उठविली. झाड मग खोडांतील उरलीसुरली ठेव मोडून नवी फूट काढतें. ती जरा वाढते न वाढते तों पुढचा माघ येतो. हुकूम आहे, खजिना रिकामा आहे, अशी त्याची वर्षानुवर्षें अवस्था. पॉप्लर निराळ्या कुळांतलें, ऐन निराळ्या, हें आम्हांस समजतें. पण पानगळीपूर्वीं नत्र परत घेणें व पानाच्या जिवावर मूळ पोसणें या गोष्टी पानगळीच्या झाडांत सरसकट आहेत, आणि त्यांवरच आमचा भर आहे.

येथें राबाच्या कैवाऱ्यांचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, कारण तेही खोटें नाहीं. राब भाजलेल्या दाढेचें रोप काळेंभोर व जोमदार येतें, तणाचें बीं मरतें, हें आम्हीं स्वतः चाळीस वर्षें पाहिलें आहे. या प्रश्नावर मोठमोठे वादही झालेले आहेत. १८८५ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतील जंगलांच्या तक्रारींसाठीं कमिशन नेमलें, त्यांत राबासाठीं टाहाळ तोडण्याचा हक्क हा मोठा मुद्दा होता. पुढें पुणें शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मान यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील राबपद्धतीवर स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला. राबाचा गुण नुसत्या राखेचा नाहीं. वरची माती तापते, तींत सेंद्रिय द्रव्यांत अडकून पडलेलें नत्र मोकळें होतें आणि तें कोंवळ्या रोपाला लागलीच सांपडतें. राखेंतून पोटॅश व चुना मिळतो, तो निराळा.

पण वाचकांनीं यांतील खोंच पाहावी. रोपाला मिळालेलें तें नत्र मातींतलें, टाहाळांतलें नव्हे. टाहाळांतलें नत्र ज्वाळेबरोबर हवेंत गेलें. राखेची ढेप हातांत घेतली तर तींत पोटॅश आहे, चुना आहे, थोडें स्फुरद आहे. नत्र जवळजवळ नाहींच. ऊब पाहिजे म्हणून आपण झाडाची ठेव जाळली. नोटा पेटवून पाणी तापवावें तसें हें आहे. आणि तेंही कशासाठीं, तर खाचराच्या दहाव्या हिश्शाएवढ्या दाढेसाठीं. उरलेल्या नऊ हिश्शांना त्याचा कांहींच लाभ नाहीं. भाजावयाचेंच असेल तर गवत, तूस, काटेरी झुडपें भाजावीं. जिवंत झाडाला हात लावूं नये. अगर गादीवाफे करून त्यांत भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. तणासाठीं एक-दोन निंदण्या अधिक पडतात, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. आमच्या घरांतून या निंदण्यांविषयीं जें ऐकावें लागलें तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

पाचोळ्याचा प्रश्न आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतों. लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूस जे बंगले झाले आहेत त्यांच्या आवारांत रोज सकाळीं झाडलोट करून पानांचा ढीग पेटवून देतात. जमीन विकणारे आपणच व ढीग पेटविणारेही आपल्यांतलेच, पगारी माळी. झाडानें निम्मी ठेव ठेवून घेऊन उरलेली निम्मी मातीला परत केलेली असते, ती आंवार स्वच्छ दिसावें म्हणून धुरांत जाते. दोन-तीन वर्षांनीं त्याच आवारांत शेणखताचे टेंपो येतात, हेंही आम्हीं पाहिलें आहे.

आतां खाचराच्या उरलेल्या नऊ हिश्शांकडे वळूं. येथें आमचा भरवसा गिरिपुष्पावर आहे. कोंकणांत याला उंदीरमारी म्हणतात. झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचें, पण बांधावर फांदी खोंचली कीं लागतें, व गुरें सहसा त्याला तोंड लावीत नाहींत. कोणी म्हणेल, ऐनाचा टाहाळ तोडूं नका म्हणतां आणि गिरिपुष्पाचा तोडा म्हणतां, हा कोणता न्याय? न्याय असा कीं, गिरिपुष्प शेंगावर्गीय आहे. त्याच्या मुळांवर जीवाणूंच्या गांठी धरतात व त्या हवेंतील नत्र बांधून झाडाला देतात. ऐनाची ठेव मातींतून पै पै करून जमते. गिरिपुष्पाला आकाशाचा खजिना मोकळा आहे. शिवाय छाटल्यावर तें फार लौकर फुटतें.

मात्र हा खजिनाही जनुकांच्या हुकुमाशिवाय उघडत नाहीं. गांठी पोसणें स्वस्त नाहीं. जीवाणूंना साखर द्यावी लागते. म्हणून मातींत तयार नत्र भरपूर असलें कीं शेंगावर्गीय झाड गांठी धरण्याचें काम आवरतें घेतें, आणि नत्र तुटलें कीं पुन्हां हातीं घेतें. गांठी किती पुरे, हेंही मुळें पानांना विचारून ठरवितात. सोयाबीनच्या पानांतून हा लगाम ओढणारें जनुक २००३ सालीं ओळखलें गेलें. तें बिघडलेल्या सोयाबीनच्या मुळांवर गांठींचे घोसच्या घोस येतात, पण झाड वर चढत नाहीं. सारी मिळकत जीवाणूंच्या पंगतींत संपते. लगाम असण्यांतही हित आहे, तो कोठें हें.

हें ज्ञान आम्हांस चूक करून मिळालें. पांच वर्षांपूर्वीं आम्हीं बांधावर गिरिपुष्पाचीं चाळीस रोपें लावलीं आणि तीं लौकर वाढावीं म्हणून दोन पावसाळे त्यांच्या बुंध्याशीं मूठ मूठ युरिया घातला. रोपें हिरवीगार दिसत, आम्ही खूष. तिसऱ्या वर्षीं वाट रुंद करतांना चार रोपें उपटावीं लागलीं. पुतण्यानें मुळें धुऊन पाहिलीं तर गांठी शोधाव्या लागाव्यात इतक्या थोड्या. बांधाच्या दुसऱ्या टोंकाला, जेथें आमचा हात पोहोंचला नव्हता, तेथें आपोआप उगवलेल्या एका रोपाच्या मुळांवर त्या मण्यांसारख्या लगडल्या होत्या, आणि एक फोडून पाहिली तर आंत गुलाबी. आम्हीं मुलाला हातानें भरवून भरवून त्याचें कमावणें बंद पाडलें होतें. तेव्हांपासून बांधावर युरियाचा दाणा पडूं देत नाहीं. लावतांना घमेलेंभर शेणखत घातलें म्हणजे पुरे होतें.

हिशेबाशिवाय आमचें समाधान होत नाहीं, म्हणून तोही मांडतों. डॉ. ना. कृ. सावंत यांनीं जी चारसूत्री भातलागवड शेतकऱ्यांना दिली तींतील दुसरें सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचें आहे: गुंठ्यास सुमारें ३० किलो हिरवा पाला, चिखलणीच्या आठवडाभर आधीं पसरून गाडावयाचा. हेक्टरी हा तीन टन होतो. ओल्या पाल्यांत ढोबळ मानानें शेंकडा पाऊण भागाच्या आंतबाहेर नत्र धरलें तर तीन टनांत वीस-बावीस किलो येतें. युरियाचें आजचें पोतें ४५ किलोचें, त्यांत नत्र शेंकडा ४६, म्हणजे २०.७ किलो. तेव्हां हेक्टरी तीन टन पाला म्हणजे एक पोतें. एवढ्यानें पिकाची सारी गरज भागत नाहीं, हें खरें, आणि युरिया सोडा असा आमचा आग्रहही नाहीं. पण पोत्यांतलें नत्र पहिल्या जोराच्या सरींत निघून जातें व पाल्यांतलें कुजत कुजत सुटतें. आपल्या पावसांत हा फरक मोठा आहे. उरलेली गरज सावंतांच्या चवथ्या सूत्राप्रमाणें युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्यें खोल रोंवून भागवावी. चिखलांत बोटभर खालीं गेलेली गोळी पाण्यावर तरंगून ओढ्याला जात नाहीं.

पाल्यासाठीं झाडें किती पाहिजेत, हें ज्याचें त्यानें तोलून पाहावें. आमच्या चार-पांच वर्षांच्या झाडाचा पाला एका छाटणीस चार-पांच किलोच्या आसपास भरतो. कोंवळ्या झाडावर पहिलीं दोन वर्षें कोयता चालवूं नये.

भाताविषयीं एकच गोष्ट जातां जातां. २०२१ सालीं चिनी संशोधकांनीं भातांत एक जनुक दाखवून दिलें, ज्याच्या एका प्रकारामुळें नत्र कमी असतांही भाताला फुटवे चांगले येतात. हा प्रकार रानटी भातांत व कमी नत्राच्या मुलखांतील जुन्या वाणांत पुष्कळ आढळला, आणि भरपूर खतावर वाढविलेल्या नव्या वाणांतून बराचसा नाहींसा झालेला दिसला. आपल्या वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं इंद्रायणी हें वाण दिलें तें आंबेमोहोर १५७ व आयआर ८ यांच्या संकरांतून. म्हणजे त्यालाही एक बाप जुन्या मातीचाच लागला. ज्यांच्या घरीं जुन्या वाणाची मूठभर बीं शिल्लक आहे त्यांनीं ती भडंग करून खाऊं नये. जनुकें फिरवून नवीं झाडें घडवा, असें सांगण्यास आम्ही बसलों नाहीं. जें दप्तर शाबूत आहे तें जाळूं नये, एवढीच आमची कारकुनी विनंति आहे.

यंदा आमच्या दुसऱ्या ऐनाला कोयता लावावयाचा नाहीं, असें घरांत ठरलें आहे. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे टाहाळ तोडणारे जे गडी येतात त्यांना त्या दिवसाची मजुरी आम्ही गिरिपुष्पाचीं खुंटें तोडण्याची देणार आहों. खुंटें अंगठ्याहून जाड व हात-दीड हात लांब, मृग निघण्यापूर्वीं बांधावर तिरकीं रोंवावयाचीं, पहिला पाऊस धरला म्हणजे फुटतात. आमच्याकडे यंदा दोनशेंच्या वर निघतील. नाणे मावळांतील ज्या सभासदांस पाहिजेत त्यांनीं वैशाखाच्या शुद्ध पक्षांत खळ्यावर येऊन घेऊन जावीं. खुंटांचा मोबदला घेणार नाहीं, मात्र भारा बांधावयास दोर आपला आणावा. उरलीं तर पवन मावळ व आंदर मावळच्या मंडळींस देऊं.